अवतरणाखालची कोरी जागा

१

पहिली स्लाइड पडद्यावर आली तेव्हा योगिनी आहेर हसत होती. दुसऱ्या स्लाइडला तिचं हसू मावळलं. तिसरी आली तशी परीक्षकांनी हात वर केला.

"थांबा बाई. हे कोण बोललंय?"

सभागृहाच्या दाराशी उभा असलेला संतोष पगार दोन पावलं आत आला. नाशिकच्या या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत तो अध्यापक होता आणि जिल्ह्याच्या सादरीकरण स्पर्धेची सगळी जबाबदारी त्याच्या गळ्यात होती. त्यात आजच सकाळी वरून निरोप आला होता की कार्यक्रम थेट दाखवायचा, म्हणजे जिल्ह्यातल्या शाळाशाळांत लोक बसून बघतील. कॅमेऱ्याचा लाल दिवा आता योगिनीच्या तोंडासमोर पेटलेला होता.

पडद्यावर मोठ्या अक्षरांत वाक्य होतं : "कांदा आणि पोर, दोन्ही कोंडून ठेवलं की सडतं." खाली एक आडवी रेघ आणि रेघेपुढे कोरी जागा.

"कुसाबाई, सर. आमच्या देवळ्याच्या," योगिनी म्हणाली. "नाव खाली होतं. सगळ्यांची नावं खाली होती."

"होती ना? मग गेली कुठं?"

योगिनीने वळून पडद्याकडे बघितलं. देवळ्याच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. बाकीचे शिक्षक आपल्या स्लाइडवर थोरामोठ्यांची तीच ती वाक्यं चिकटवत. ही मात्र कांदा साठवायच्या चाळीत, द्राक्षं भरायच्या पॅकहाऊसवर, डोंगरातल्या पाड्यावर जाऊन बसायची आणि शाळेबद्दल माणसं काय बोलतात ते ऐकायची. जे मनाला भिडेल ते वाक्य जसंच्या तसं उचलायची आणि खाली बोलणाऱ्याचं नाव-गाव घालायची, तेही वाक्याइतक्याच मोठ्या अक्षरात. तिच्या सादरीकरणाची खरी ताकद त्या नावांत होती.

परीक्षक धनराज सोनवणे कडक माणूस होते, पण दुष्ट नव्हते. "बाई, नाव नसलेलं वाक्य कुणीही रचू शकतं," ते म्हणाले. "तुम्हीसुद्धा."

सभागृहात कुजबुज उठली.

"माझ्याकडे मूळ फाइल आहे सर, ती लावते."

"ती कालची की आत्ता नावं घालून आणलेली, हे मी कसं ओळखू? जेवणाच्या सुट्टीनंतर खुलासा करा. नाही जमलं तर मला अहवालात लिहावं लागेल की अवतरणं बनावट आहेत."

योगिनी मंचावरून उतरली ती थेट मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. ज्या बाईने लोकांच्या बोलण्याला कधी कानामात्राही जादा लावला नाही, तिच्या कपाळी 'बनावट' हा शब्द लागणार होता. पुढे कोणत्या तोंडाने ती कुणाच्या ओट्यावर जाऊन बसणार होती?

२

अशा वेळी संतोषला एकच माणूस आठवलं आणि सुदैवाने ते पहिल्याच रांगेत बसलेलं होतं.

मोहिनी खैरनार याच संस्थेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या प्राध्यापिका. अर्धा जिल्हा त्यांच्या हाताखालून गेला होता. 'अवतरण कसं वापरावं' हा त्यांचा एक तास तर शिक्षकांत दंतकथा होऊन बसला होता. त्या सांगायच्या, दुसऱ्याचं वाक्य म्हणजे उसनं आणलेलं भांडं, आणलं तसं परत करायचं. शब्द बदलायचा नाही. गाळलाच तर तीन टिंबं देऊन वाचणाऱ्याला सांगायचं की इथलं काही गाळलंय. आणि वाक्याने पडदा भरायचा नाही, बोलणाऱ्याला उभं राहायला जागा ठेवायची. संतोषही त्या तासाला बसला होता, आणि आज स्वतः शिकवताना कुठे अडला की मनातल्या मनात त्यांनाच विचारायचा.

"मॅडम, कुणीतरी डाव साधला," तो म्हणाला.

"आधी फाइल दाखव. डाव आहे की नाही ते मग बघू."

कार्यालयातल्या संगणकावर त्यांनी ती बिघडलेली फाइल उघडली. सभागृहाची यंत्रणा सांभाळणारा सुनील अपराध्यासारखा मागे उभा होता.

"मॅडम, फॉन्टचा लोचा असेल," तो म्हणाला. "मशीन बदललं की अक्षरं उडतात ना."

"उडाली की चौकोन दिसतात, सुनील. नाही तर उलटीपालटी अक्षरं. इथं तर कुणी ओलं फडकं घेऊन पुसल्यासारखं स्वच्छ आहे."

त्या सावकाश एकेक स्लाइड पुढे नेऊ लागल्या. संतोष त्यांच्या खांद्यावरून वाचत होता.

"सगळे मणी ठेवले तर घडातला एकही मणी मोठा होत नाही. तुमच्या पुस्तकाला विरळणी करा." हे नक्कीच कुणा द्राक्षवाल्याचं होतं.

"चढावर जो मागं राहिला त्याला हाका मारायच्या नाय. थांबायचं." हे वाचून संतोष क्षणभर चोरी विसरला. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांवर त्याने किती व्याख्यानं दिली होती, आणि कुणा डोंगरातल्या माणसाने दोन वाक्यांत विषय संपवला होता.

पुढची स्लाइड : "घरी माझी उत्तरं दुसरेच द्यायचे. ... आल्यावर गणिताचं उत्तर पयल्यांदा माझं मी काढलं."

मॅडम थबकल्या. चष्मा पुसून त्यांनी ती स्लाइड पुन्हा वाचली आणि मागच्या स्लाइडवर जाऊन परत आल्या. मग शेवटपर्यंतच्या सगळ्या स्लाइड बघून पुन्हा याच एकीवर येऊन थांबल्या.

"मॅडम, काय दिसलं?"

"ज्याने हे केलं तो चोर नाही, संतोष." त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट कौतुकासारखं काहीतरी होतं. "तो माझा विद्यार्थी आहे."

३

विद्यार्थी म्हणजे कोण? संतोषच्या नजरेसमोर अख्खा जिल्हा आला. सुनीलने मात्र ती यादी पटकन आखूड केली.

"फायली काल माझ्याकडे जमा झाल्या. तेव्हा मी सगळ्या उघडून बघितल्या. आहेर मॅडमची नावं होती, मी शपथेवर सांगतो. आज सकाळी फक्त दोघं मशीनवर बसले, आपापली फाइल तपासायला. शिरसाठ सर आणि लताबाई."

महेश शिरसाठ पिंपळगाव बसवंतला भूगोल शिकवायचा. मागच्या दोन्ही स्पर्धांत योगिनी पहिली आणि तो दुसरा. संतोषचा संशय त्याच्यावर जाऊन बसला तो उठेचना. लताबाई गांगुर्डे मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका. मुलींच्या आहारावर त्यांचं सादरीकरण होतं. अबोल बाई. त्यांचा आवाज संतोषने आज ऐकलाच नव्हता.

महेश आला तो रागानेच.

"मला माहितीय, सगळे माझ्याकडेच बघतायत. हो, मला जिंकायचंय. पण मॅडम, मला तिची वाट लावायची असती तर मी वाक्यंच उडवली असती. खालच्या नावाकडे कोण बघतं?"

"तू बघत नाहीस?"

"खरं सांगू? तुमच्या त्या तासाला मी शेवटच्या बाकावर पेंगत होतो."

मॅडमना हसू आलं. "तुझी फाइल उघडू का?"

महेशच्या स्लाइड द्राक्षबागेसारख्या भरगच्च होत्या. प्रत्येक वाक्याच्या शेवटी टिंबांची रांग होती, कुठे पाच, कुठे आठ. काही गाळलं होतं म्हणून नव्हे, शोभा म्हणून. अवतरणांखाली नाव एकाचंही नव्हतं.

"जा तू, जेव," मॅडम म्हणाल्या.

महेश गेल्यावर संतोष चिडला. "मॅडम, तुम्ही त्याला असंच सोडलं?"

"तू ती गणिताची स्लाइड पुन्हा बघ. मधे टिंबं किती आहेत?"

"तीन."

"मोजून तीन. दोन्ही बाजूंना नीट जागा सोडून. महेशचा हात आयुष्यात कधी तीन टिंबांवर थांबलेला नाही."

"पण ती टिंबं योगिनीनेच घातली असतील."

"तेच तर तिला विचारायचंय. बोलाव तिला. आणि संतोष, घाई कर. तिने मूळ फाइल कुणाच्या हाती दिली नाही ना, ते आधी बघ."

"का?"

"कारण मला वाटतं, आजचा खरा धोका त्या मूळ फाइलमध्ये आहे."

४

जेवणाच्या मांडवात योगिनीच्या ताटातला भात तसाच पडला होता. तिच्याजवळ लताबाई पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. "योगिनीताई, जरा बाजूला येता का? एक बोलायचं होतं," असं त्या म्हणत होत्या, पण भोवती सांत्वनाला आलेल्या बायकांचं कडं होतं. ते काही सुटेना.

"मूळ फाइल?" योगिनीने संतोषला फोन दाखवला. "ही काय. सुनीलभाऊंना आत्ताच पाठवणार होते."

"पाठवू नका. आधी मॅडमकडे चला."

ती निघाली तशा लताबाईही मागोमाग आल्या. बोलावलं नसताना दाराशी येऊन उभ्या राहिल्या. हातातला पेला अजून भरलेलाच होता.

"योगिनी, फाइल उघडू नकोस," मॅडम म्हणाल्या. "तुझी वाक्यं तुला पाठ असतील ना? एकेक म्हण."

योगिनीला सगळी पाठ होती. कुसाबाईंचं, पिंपळगावच्या गोटीरामचं, चढावरचं रावजींचं. म्हणताना तिचा आवाज हळूहळू सावरला. प्रत्येक माणसाची लकबसुद्धा तिच्या बोलण्यात उतरत होती. मॅडम पडद्याशी ताडून बघत होत्या आणि अक्षराचा फरक नव्हता.

मग ती म्हणाली, "घरी माझी उत्तरं दुसरेच द्यायचे. पेठ रोडच्या हॉस्टेलात आल्यावर गणिताचं उत्तर पयल्यांदा माझं मी काढलं."

संतोषने पडद्याकडे बघितलं. 'पेठ रोडच्या हॉस्टेलात' हे शब्द तिथं नव्हते. त्यांच्या जागी तीन टिंबं होती.

"टिंबं तुझी नाहीत?"

"नाही मॅडम. मी काही गाळतच नाही."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "बघ संतोष. नावं सगळीकडची गेली, पण अवतरणचिन्हांच्या आत हात लागला तो एकाच ठिकाणी. तिथून काय गेलं? ठिकाण. ज्याला योगिनीला हरवायचंय त्याला पेठ रोडशी काय देणंघेणं? कुणी कुठं राहतं हे लपवायची गरज कुणाला पडते? ज्याला त्या माणसाची काळजी आहे त्यालाच."

"मग बाकीची नावं का पुसली?"

"एकच नाव गेलं असतं तर सगळ्यांची नजर तिथंच गेली असती. सगळीच गेली की बिघाड वाटतो." त्यांनी पडद्यावरच्या टिंबांवर बोट ठेवलं. "आणि एवढ्या घाईत, चोरून काम करतानाही तिला ते वाक्य खोटं करवलं नाही. शब्द गाळला तर गाळल्याची खूण ठेवली. इतकी वर्षं शिकवलं, पण माझा धडा असा कुणी पाळलेला मी पाहिला नव्हता."

त्यांनी दाराकडे वळून बघितलं.

"लताबाई, तो पेला खाली ठेवा. आत या आणि दार लावा."

५

लताबाई रडल्या नाहीत. खाली मान घालून बसल्या आणि थेट बोलल्या.

"पोरगी माझ्या हॉस्टेलची आहे. चुलत्यांनी तिचं लग्न ठरवलं होतं, शिकायच्या वयात. आईने तिला रातोरात नाही, भर दिवसा आणून माझ्याकडे सोडली. बाजाराला जातो म्हणून निघाल्या होत्या दोघी. आई एकटी परत गेली आणि मार खाल्ला, पण पोरगी कुठं आहे ते सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही."

योगिनीने हातातला फोन टेबलावर ठेवला. "मला... मला ती म्हणाली होती, टाका नाव. मी विचारलं होतं, लताताई."

"विचारलं असेल. पोरगीच मला हरखून सांगत होती, माझं वाक्य लागणार म्हणून. तेव्हा तुम्ही वर्गात दाखवणार होता. आज सकाळी सुनीलभाऊ म्हणाले, सगळ्या जिल्ह्यात थेट दिसणार. तिच्या गावच्या शाळेतही. तुम्हाला फोन लावला..."

"मी द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले होते. गाडी चालवत होते."

"मग दुसरं काही सुचलं नाही. मशीन समोर होतं. वाटलं, नावं नसली तर काय मोठं होणार? तुम्हाला दोन गुण कमी पडतील, मी नंतर पाया पडेन." त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "बनावट म्हणतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उठून बोलावं म्हटलं तर समोर कॅमेरा. काय बोलणार? तुमची बदनामी थांबवायची तर पोरीला उघडं पाडायचं. सकाळपासून जीव दोन्हीकडे ओढतोय."

संतोषला स्वतःची लाज वाटली. दारामागे कोण खलनायक निघतो याची तो वाट बघत होता. निघाली होती ही अबोल बाई. आपली नोकरी, आपलं नाव पणाला लावून एका पोरीचं नाव झाकणारी.

योगिनी उठली. संतोषला वाटलं, आता हिचा बांध फुटणार. ती लताबाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"तुम्ही पुसलं नसतं तर मी आज त्या पोरीला तिच्या चुलत्यांच्या दारात नेऊन उभं केलं असतं," ती म्हणाली. "तेही मोठ्या अक्षरात."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. परीक्षक धनराज सोनवणे बाहेर उभे होते.

"खुलासा तयार आहे का?" त्यांनी विचारलं.

६

मॅडम त्यांना घेऊन व्हरांड्याच्या टोकाला गेल्या. संतोष मागे चार पावलांवर राहिला, पण ऐकू येत होतं.

"सोनवणे सर, फाइलमधली नावं आज सकाळी पुसली गेली. ती काल होती, सुनील साक्षीला आहे. कुणी पुसली ते मला कळलंय, का पुसली तेही कळलंय. दोन्ही मी तुम्हाला सांगणार नाही."

"मग मी विश्वास कशावर ठेवायचा?"

"एका अवतरणाचं नाव उघड झालं तर त्या मुलीच्या आयुष्याला धोका आहे. बाकी सगळी नावं योगिनी दाखवेल. त्यांना आत्ता फोन लावून खात्री करून घ्या. त्या एका मुलीचं नाव फक्त तुम्हाला कानात सांगू शकते."

सोनवण्यांनी अंगणातल्या मांडवाकडे नजर टाकली.

"नको," ते म्हणाले. "मला सांगितलं की आणखी एकाला माहीत झालं. पण खाली कोरी जागा मी चालवून घेणार नाही, मॅडम. काहीतरी लिहा. नाव राखून ठेवलंय असं लिहा, काहीही लिहा. माणूस खरा आहे हे दिसलं पाहिजे."

खोलीत परत आल्यावर योगिनी संगणकापुढे बसली. "काय लिहू? 'एक विद्यार्थिनी'?"

"मला काय विचारतेस?" मॅडम म्हणाल्या. "तू नाव घातलंस, लताबाईंनी पुसलं. आता मी तिसरी ठरवू? जिचं वाक्य आहे तिला विचार."

लताबाईंनी वसतिगृहात फोन लावला. बऱ्याच वेळाने पलीकडून धापा टाकत आवाज आला. योगिनीने सगळं सांगितलं, काही न लपवता, आणि माफी मागितली.

"मॅडम, पण माझं वाक्य लावणार ना?" पोरीने विचारलं.

"तू म्हणशील तर."

"लावा."

"खाली काय लिहू? 'एक मुलगी' लिहू का?"

"नको. एक मुलगी म्हंजे कोणी बी. तशा इथं लय हायेत." ती विचार करत होती. मागे कुठंतरी घंटा वाजली. मग ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू फुटत होतं, "गणितात पहिली, असं लिहा."

सुट्टीनंतर सभागृह पुन्हा भरलं. सोनवण्यांनी माइक हातात घेऊन एवढंच सांगितलं की फाइलमध्ये बिघाड झाला होता, आहेर बाईंवरचा आक्षेप मागे घेतो, आणि सकाळी वापरलेल्या शब्दाबद्दल त्यांची माफी मागतो. महेश शिरसाठने आपली पाळी तिला दिली. "तुम्ही आधी करा, नाही तर लोक माझं ऐकणारच नाहीत," तो म्हणाला, आणि या वेळी पुढच्या रांगेत येऊन बसला.

कुसाबाई, देवळा. गोटीराम, पिंपळगाव बसवंत. रावजी, सुरगाण्याच्या डोंगरातले. एकेक वाक्य पडद्यावर येत होतं आणि त्याच्याखाली त्याचा माणूस उभा राहत होता. योगिनी वाक्य वाचून दाखवत नव्हती. ते आलं की ती गप्प राहायची, लोकांना वाचू द्यायची, आणि मग तो माणूस कसा बोलता बोलता हे बोलून गेला ते सांगायची. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या संतोषला वाटलं, आपण इतकी वर्षं हे शिकवतो, आज शिकलो.

मग ती स्लाइड आली. मधली तीन टिंबं योगिनीने तशीच ठेवली होती. खाली लिहिलं होतं : "— गणितात पहिली".

सभागृहात हलकी हसण्याची लाट आली आणि लगेच विरली. लोक वाक्य पुन्हा वाचत होते.

सोनवण्यांनी आधी सुनीलला कॅमेऱ्याचा लाल दिवा विझवायला लावला, मग चष्म्यावरून मंचाकडे बघितलं. नियमाचा माणूस तो, राहवेना.

"नाव राखून ठेवलंय, ते मला मान्य आहे," ते म्हणाले. "पण हे जे खाली लिहिलंय ते तरी कुणी तपासलंय का?"

योगिनी उत्तर देणार तोच मधल्या रांगेतून एक बाई उठली. दिवसभरात सभागृहात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, आणि आता तो शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत गेला.

"मी तपासलंय, सर," लताबाई म्हणाल्या. "पहिलीच आहे ती. दुसरी तिच्या आसपासही नाही."